कच्चं खाणं आणि पांढरी केबाया

१४ जानेवारी

केबाया मिटत नाही!

पांढरी जाळीची, देवळात जाताना घालायची लांब चोळी. दोन बटणांच्या मधून चार बोटं पोट बाहेर डोकावतंय. मागच्या उत्सवात हीच घालून नाचले होते. सात महिन्यांत एवढं काय खाल्लं मी? (काय नाही खाल्लं!)

आणि नेमकी याच वेळी देवळातल्या रेजांग नाचाच्या ओळीत पहिली मी. वस्तीच्या सभेत काल ठरलं. तेवीस वर्षं नाचतेय – आधी चौदावी, मग नववी, गेली चार वर्षं दुसरी. पुढच्या बाईच्या शेल्याचं टोक धरायचं आणि तिच्या मागून जायचं, एवढंच काम. आता माझ्या शेल्याचं टोक बाकीच्या धरणार. उत्सव सात फेब्रुवारीला.

सासूला केबाया घालून दाखवली. मेमेनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. म्हणाली, "मी पहिली नाचायचे तेव्हा माझ्या कमरेला लोक काठी म्हणायचे." हे ती दिवसातून एकदा सांगतेच. आज दोनदा.

१५ जानेवारी

मिस बिर्गिटला विचारलं. उबुदमधल्या तिच्या योगकेंद्राच्या स्वयंपाकघरात मी सात वर्षं आहे. स्वयंपाकघर म्हणायचं, पण चूल नाही. सगळं कच्चं. पाहुणे अर्धं जग ओलांडून येतात आणि आम्ही त्यांना चिरलेला कोबी वाढतो. तेही हात जोडून.

"एकवीस दिवस विस्तवाचं काही खायचं नाही, रास्मिनी," ती म्हणाली. "पोट सपाट. चेहरा तर असा उजळेल!"

उद्यापासून सुरू. सकाळी वनीचे पांढरे आंबे आणि काकडी वाटून मोठा पेला, दुपारी पाला, संध्याकाळी नारळ. वनीला कुठे जायला नको, अंगणातलं झाड लगडलंय नुसतं.

१६ जानेवारी

घरात महाभारत.

"भात नाही खाणार? मग जेवणार काय?" मेमे.

म्हटलं, पपई खाल्ली, काकडी खाल्ली, शेंगा खाल्ल्या.

"ते झालं. जेवलीस का, ते विचारतेय."

मग पुढचा मुद्दा – भात शिजला की पहिली चिमूट पानावर घालून देवापुढे जाते. आता काय ठेवणार, गाजर? म्हटलं, तुमच्यासाठी शिजवीन ना, देवाचंही ठेवीन. मी फक्त खाणार नाही.

"म्हणजे देव जेवणार, ठेवलेलं टिपायला कोंबड्या जेवणार, आणि सून उपाशी! लोक मला काय म्हणतील?"

नवरा ओसरीत लाकडी गरुडाचा पंख कोरत होता. मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. हसतोय मेला.

१८ जानेवारी

भूक.

१९ जानेवारी

शेजारच्या पूजेहून टोपली आली. तांदळाचे तळलेले गोड जाजा, भाजलेली कोंबडी. सगळं देवापुढून आलेलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. आणि सार तर देवानं आधीच घेतलेलं असतं, मग उरलेल्यात विस्तव कितीसा राहणार?

एक तंगडी. बरं, दोन.

२० जानेवारी

आज मेमेनं मला चाटच पाडलं. म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय ते फिरलंय. पण सकाळी तुझी पळापळ बघवत नाही गं. वनी मी सोलून ठेवत जाईन."

डोळ्यांत पाणीच आलं. वनीचं फार करावं लागतं – देठ कापून चीक गळू द्यायचा, साल जाड काढायची, मग फोडी मिठाच्या पाण्यात. नाहीतर तोंड भाजल्यासारखं होतं. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेमेचे हात पन्नास वर्षं हेच करतायत. किती वाईट बोलते मी तिच्याबद्दल या वहीत! मागची दोन पानं फाडू का?

राहू देत.

२३ जानेवारी

ओठांभोवती लाल पुरळ. खाज!

मिस बिर्गिटला दाखवलं. वाटलं, घरी जा म्हणेल. तिनं टाळ्या वाजवल्या! "विष बाहेर पडतंय! आत किती साठलं होतं बघ!"

सत्तेचाळीस वर्षांचा भात म्हणजे विष. मेमेला सांगायची सोय नाही.

२५ जानेवारी

हनुवटी, दोन्ही गाल, आता मान. डोळ्यांखाली सूज. मी जितकी खाजवते तितकी मिस बिर्गिट खूश. पाहुण्यांना बोलावून दाखवते. एका बाईनं तर विचारलं, मला कधी येईल असं?

नवरा म्हणाला, "थांब, हलू नकोस. राक्षसाचा मुखवटा कोरायचाय, समोर बस."

मेमेनं मात्र चेहरा हातात धरून नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "ही नजर आहे. ओळीत तुझ्या मागे कोण असतं?"

चांद्री.

"मी काही बोलत नाही हो," मेमे म्हणाली आणि फोडी आणायला गेली.

२६ जानेवारी

चांद्री आली! केळ्यांचा अख्खा घड घेऊन. वर ताई म्हणून हाक: "मबोक, काय झालं गं चेहऱ्याला? हे खा, बरं वाटेल." माझ्या मागे दोन वर्षं नाचतेय आणि कधी एक केळं दिलं नव्हतं. आता एवढा पुळका?

घड डुकराला घातला.

२७ जानेवारी

डुक्कर ठणठणीत आहे.

२९ जानेवारी

तालमीला गेले, तोंडाला फडकं बांधून. पुजारीबाईंनी बाजूला घेतलं. "पुरळ असू दे. पण रक्त निघू देऊ नकोस हं. निघालं तर देवळात पाय टाकता यायचा नाही."

जसं काही मला माहीत नाही! रक्त येत असलं की कुणालाच आत जाता येत नाही, मग ते ठेचेचं का असेना. म्हणजे खाजवायचं नाही. नऊ दिवस! झोपताना नवऱ्याचे मोजे हातात चढवते आणि मनगटाला दोरी. तो म्हणतो, माझ्या शेजारी बोका झोपलाय.

रस सोडावा का? पण आज खालची तीन बटणं लागली. तीन! वरची दोनच राहिली. देवा, थोडक्यासाठी कसं सोडू? तेवीस वर्षं लोकांच्या पाठी बघितल्यात मी.

१ फेब्रुवारी

पाचवं बटण लागलं!! श्वास घेतला तरी तुटलं नाही. आरशापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. मानेखालून पाहिलं तर राणी, वर पाहिलं तर भाजलेलं वांगं.

मेमे म्हणाली, "दे ती केबाया, धुऊन इस्त्री करून ठेवते. बटणंही घट्ट करते." किती करते बिचारी.

४ फेब्रुवारी

डावा डोळा उघडेना. शेवटी सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, इथल्याच. चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"वनी खाता?"

हो. रोज. मोठा पेला.

"चीक आहे हा. दुसरं काही नाही. कोण सोलतं?"

"सासूबाई. पण त्यांच्या हातून चूक होणं शक्य नाही. पन्नास वर्षं सोलतायत."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार होत्या, पण मलमच लिहिलं. वनी बंद!

घरी आले आणि सरळ भात वाढून घेतला. वाफाळता, वर मिरचीचा ठेचा, बाजूला तळलेला मासा. तीन वेळा घेतला. मेमे वाढत होती आणि चक्क गुणगुणत होती. मिस बिर्गिटला सांगितलं नाही. तिला वाटतंय, माझं विष संपत आलंय.

६ फेब्रुवारी

सूज उतरली. खाज मात्र आहे. उद्या नाच! मोज्यांना आज दोन दोऱ्या.

७ फेब्रुवारी

सकाळी उजव्या हातात मोजा नव्हता.

जबड्याखाली ओरखडा. उशीवर रक्त, आणि पुसलं की पुन्हा येतंय. फार नाही – पावडर आणि फुलांची माळ खाली ओढली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आरशापुढे पावडरचा डबा उघडून बसले होते. किती वेळ, कोण जाणे. तेवीस वर्षं! पण हात उठेना. लोकांना फसवलं असतं मी, सहज. देवाच्या पुढ्यात पहिली उभी राहून त्यालाच कशी फसवू?

मेमेला सांगितलं आणि लहान पोरीसारखी रडले. तिनं पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस. ओळीला पुढे कुणीतरी लागणारच. मी उभी राहते."

म्हटलं, चांद्री आहे ना. तर दारातून चांद्रीच म्हणाली, "मेमे असताना मी कशी पुढे जाऊ?" बिचारी! आणि मी तिची केळी डुकराला घातली.

मेमेचा अंबाडा घालून झाला होता. चाफ्याची फुलंसुद्धा खोवलेली.

मी देवळाच्या वेशीबाहेर चणेवाल्याशेजारी उभी. नवऱ्यानं भिंतीवरून फोन उंच धरून दाखवलं. अडुसष्ट वर्षांची बाई, अंगात माझी केबाया, गुडघे दुखतात म्हणून पाट लागतो जिला! पण हात असे उलगडले की वाजवणारेसुद्धा तिच्याकडे बघत राहिले. मागे तीस बायका शेल्याला शेला धरून. मला हेवा वाटला, खूप वाटला. आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटतं हे माहीत नव्हतं. चणे खाल्ले.

९ फेब्रुवारी

केबाया धुवायला घेतली, तेव्हा लक्षात आलं. मी एवढे दिवस पाला खाऊन कशीबशी हिच्यात मावले. मेमे माझ्या दीडपट. तिला ही बसली कशी?

उलटी करून पाहिली. दोन्ही बाजू उसवलेल्या. तीन-तीन बोटं सोडून पुन्हा शिवलेल्या, बारीक टाके, दुहेरी दोरा. मेमेला सुईत दोरा ओवायलाच अर्धा तास लागतो. हे काही एका सकाळचं काम नाही. निदान चार दिवसांचं. आणि माझं रक्त निघालं परवा सकाळी!

विहिरीपाशीच बसून राहिले. पन्नास वर्षं वनी सोलणारी बाई मीठ विसरत नाही.

आधी खूप राग आला. मग तो अंबाडा आठवला आणि असं हसू आलं की बादली लवंडली. मेमेनं आतून विचारलं, "काय गं?" म्हटलं, काही नाही.

१० फेब्रुवारी

मेमेनं नाचाचे फोटो पाहिले. पुढच्या वेळीही तीच पहिली, असं सगळे म्हणतायत म्हणे. मग हळूच – "पोट दिसतंय नाही गं? तो तुझा रस... वनी तेवढी तू सोलून देशील?"

म्हटलं, "देईन की, मेमे. आनंदानं."

मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून आले.