काटा सातवर

मंगळवार, संध्याकाळ

सावंतसारखा सेक्रेटरी मिळायला सोसायटीची पुण्याई लागते. गच्चीवरच्या कढीपत्त्याची पानं कडेने करपताहेत, म्हणून हा ऑनलाइन मागवलेला मीटर घेऊन आला, कुंडीतल्या कोरड्या ठणठणीत कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, खुपसला आणि म्हणाला, "काटा सातवर. आम्लता नॉर्मल. खत कमी पडतंय." अरे गाढवा, कोरड्यात काटा सातवरच राहणार! तुझ्या खिशातसुद्धा तो सातच दाखवतो. आणि कमिटी माना डोलावते.

तळोज्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली मी. कुंडीला पाणी दिलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा थोडं ओतलं आणि तळातून निथळलेलं पाणी माझ्या क्षार मोजणाऱ्या मीटरने आणि पीएच पट्टीने तपासलं. आम्लता ठीक, पण क्षार भयंकर. खत कमी नाही, जास्त झालंय. तसं सांगितलं तर सावंत हसला. काटा सातवर आहे म्हणे!

घणसोली गावातल्या हिराबाई झाडांना पाणी घालतात. त्यांच्या माहेरी मिठागर होतं. त्यांनी निथळलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "खत नाय ह्ये साहेब. खारं हाय. मी रोज बादली वतते ना, ती पन अशीच लागते."

मी हसलो. अगदी सावंतसारखा.

सगळे गेल्यावर गुपचूप त्या बादलीत माझा मीटर बुडवला. बाई बरोबर होती. पिण्याच्या पाण्यातून आरओ फिल्टर जे क्षार काढून टाकतो, ते सगळे त्या बादलीत.

खाली लिफ्टपाशी वर्षभर नोटीस लटकतेय : 'आरओचं वाया जाणारं पाणी गच्चीवरच्या बादलीत आणून ओता. झाडांना उत्तम.' खाली सही माझी. सहीपुढे, माझ्याच अक्षरात, 'केमिस्ट'.