मशीनवरचं हिरवं पाकीट

सिंचू, तैवान
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आजी-आजोबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर इंग्लिश चालेल पण पत्र मराठीतच, हा आजोबांचा नियम वॉटफर्ड सोडलं तरी सुटला नाही, म्हणून हे पत्र. आजोबा, चुका काढायला लाल पेन घेऊन बसा.

इंजिनिअरिंगचं ठीक चाललंय. मँडरिन मात्र अजून भाजी घेण्यापुरतंच येतं. पण गंमत ऐका. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट ठेवतात. त्यावर छापलेल्या चिनी नावाचा अर्थ, शहाण्यासारखं वाग. खाली मशीनचं नाव लिहायचं आणि पाकीट कधी फोडायचं नाही, की मशीन बंद पडत नाही. पीएचडीवालेसुद्धा हे मानतात! खंडेनवमीला मी आमच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, तर कोणी हसलंसुद्धा नाही.

आजोबांचं घरचं डायलिसिसचं मशीन सारखं बोंबलतं ना, म्हणून एक पाकीट पाठवतेय. त्या मशीनला नाव नाही, म्हणून पूजेच्या संकल्पात सांगतात तसं आजोबांचंच नाव आणि गोत्र लिहिलंय. आजी, प्रसाद म्हणून वाटून टाकू नकोस!

तुमच्या ओरड्याची सवय असलेली,
कस्तुरी


वॉटफर्ड, इंग्लंड
४ नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट नेमकं लक्ष्मीपूजनाला आलं. आयुष्यभर लोकांची हाडं जोडली ती काय कुरकुरे ठेवून, असं म्हणत हे खूप हसले. मी ऐकते होय? मशीनवर ठेवूनच दिलं.

आणि काय सांगू, तेव्हापासून मशीनचा आवाज नाही. डायलिसिसच्या नर्सलाही नवल वाटलं. त्याहून नवल तुझ्या आजोबांचं. लोणच्याच्या बरणीला हात नाही, पथ्याचं जेवण निमूट जेवतात, गोळ्या दिल्या की घेतात. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस गेला नव्हता, त्यामुळे घर जरा सुनं वाटतं. पण देव पावला म्हणायचं, दुसरं काय!

चकल्या तुझ्या वाटणीच्या ठेवल्यात. खुसखुशीत आहेत तोवर ये.

तुझी आजी,
लीलावती


सिंचू
१५ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला. आजोबांचं नाव लिहिलं हे मी लॅबमधल्या वेइ-लिंगला हसत हसत सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. माणसाचं नाव कधीच लिहीत नाहीत, म्हणाली. मग आजोबा जिवंत आहेत ना, असं तिनं मला दोनदा विचारलं.

काल मी फोन केला. मी बरा आहे, सगळं ठीक आहे, असं ते म्हणाले. मी क्रिकेटचं विचारलं, बागेचं विचारलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. मी मुद्दाम चुकीचं मराठी बोलले, तरी सुधारलं नाही. आजी, मला भीती वाटतेय. खरं काय ते लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
कस्तुरी


वॉटफर्ड
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

लिहिणार नव्हते, पण तू विचारलंस. परवा मी ह्यांना बागेत बसा जरा म्हटलं आणि भाजी आणायला गेले. परत येईपर्यंत पाऊस लागला होता. हे तिथेच बसलेले, नखशिखान्त भिजून, डोळे उघडे. उठा म्हटल्यावर उठले. मशीन बंद असतानाही ह्यांचा श्वास त्याच्याच तालावर चालतो.

तुझा बाबा म्हणतो, वय झालं. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट चांगले. मग मी ते पाकीट उचलून पाहिलं. मशीन किंचाळलं. ह्यांनीही तोंड उघडलं आणि त्यातून तोच आवाज आला, कस्तुरी. अगदी तोच. मी घाईने पाकीट परत ठेवलं.

मला माझा भांडखोर नवरा परत हवा आहे. मैत्रिणीला उपाय विचार. लवकर कळव.

तुझी आजी


सिंचू
४ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

वेइ-लिंगने तिच्या घरी विचारलं. पाकीट नुसतं काढलं तर मशीन थांबेल आणि आजोबाही, असं ते म्हणतात. एकदा माणसाचं नाव घातलं की त्या जागी मशीनचं नाव चालत नाही, दुसऱ्या माणसाचंच लागतं. उपाय असा नाहीच.

चूक माझी आहे, मीच निस्तरीन. तिकीट काढलंय, ख्रिसमसच्या आधी पोचते. तोवर तुला माझी शपथ, काहीही करू नकोस.

तुझीच,
कस्तुरी


वॉटफर्ड
१३ डिसेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं आज एकदम वाचली. शुद्धलेखन भयंकर आहे, आल्यावर बघू. मला दिवाळीनंतरचं काही आठवत नाही, पण प्रकृती ठणठणीत. काल नर्सशी कडाकडा भांडलो आणि लोणचं खाल्लं.

पण लोणचं खाताना तुझी आजी समोर होती आणि काही बोलली नाही. मी आणखी वाढ म्हटलं. तिनं वाढलं. थट्टेनं म्हटलं, आता बस तिथे, हलू नकोस. तासाभरानं पाहिलं तर तिथेच बसलेली, डोळे उघडे. मशीन मात्र अगदी शांत आहे.

त्या पाकिटावरचं माझं नाव खोडलंय. खाली तिच्या टपोऱ्या अक्षरात लीलावती लिहिलंय. तुझी शपथही तिनं मोडली म्हणायची. पोरी, इतक्या वर्षांत ह्या बाईनं माझं एकदाही ऐकलं नाही, म्हणून तर मी आजवर जगलो. मला ही अशी नको आहे. दुसरं नाव लागतं ना? माझं लिहायला मी पेन उचललं, तेवढ्यापुरती तिनं माझी मनगटं धरली. मी न सांगता तिनं केलेली तेवढी एकच गोष्ट. लवकर ये. मला सुचत नाही.

तुला दोन ओळी लिही असं मी तिला सांगितलं आहे. लगेच लिहायला बसली.

तुझा आजोबा,
पद्माकर

मी बरी आहे. सगळं ठीक आहे.