न धुतलेल्या शेंगा

मालगुंड
१६ फेब्रुवारी २००३

प्रिय सलील,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला नाही, हे आधीच सांगते. दापोलीला चार वर्षं एकत्र शेती शिकलेल्या माणसाला दुसरं काय लिहायचं?

परवा तू बायको-मुलीला घेऊन आमच्या बागेत जेवायला आलास. पानात बटाटा नाही याचं तुझ्या बायकोला नवल वाटलं. आमच्या कातळावर बटाटा होत नाही, आणि आम्ही स्वतः पिकवलेलंच वाढतो, एवढंच. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी. बाबा तुला आग्रह करकरून वाढत होते, तेव्हा माझी वहिनी माझ्याकडे बघून हसली. तिला सगळं ठाऊक आहे. तू मान वर केली नाहीस, पण जेवलास पोटभर.

निघताना म्हणालास, फवारणी नको म्हणून अजून तोच हट्ट? हो, तोच! फवारणीच्या औषधांच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा तू म्हणाला होतास, बाग सोड, रत्नागिरीला चल, लग्न करू. मी नाही म्हटलं. रडले खूप, पण नाहीच म्हटलं. गावाने मला खुळ्यात काढलं. आता तोच गाव मुंबईचे पाहुणे आले की आमच्याकडे जेवायला धाडतो.

यंदा मोहोर काळवंडलाय, खोटं कशाला बोलू? तुडतुडे इतके पडलेत की कलमांची पानं चिकट झालीत. बाबा आणि मी कलमांखाली धूर करतो, कडुनिंबाचा अर्क मारतो, तरी निम्मा आंबा हातचा जाणार. बाबा दिवसातून दहादा मोहोर बघून येतात, ते बघवत नाही.

आणि तू गेल्यावर ओट्यावर तुझ्या कंपनीची बाटली सापडली. सोबत चिठ्ठी: एकदाच मार, कुणाला कळणार नाही. काळजीपोटी ठेवलीस हे कळतं मला, म्हणून तर जास्त राग आला.

अरे, तुझी वैदेही कलमांखालच्या चवळीच्या कोवळ्या शेंगा तोडून तशाच खात होती. तिची आई ओरडली, आधी धू म्हणून. तेव्हा तूच म्हणालास ना, खाऊ दे गं, इथे विषारी काही मारत नाहीत? लेकीने न धुता खावं अशी एक जागा तुला माहीत आहे, आणि नेमकी तिथेच तू बाटली ठेवून गेलास. शेजारच्या रावजींच्या हाती ती परत पाठवते आहे. झाकण उघडलेलं नाही. मे महिन्यात आंबे थोडेच असतील, पण वैदेहीला घेऊन ये. तिचे मी बाजूला काढून ठेवीन.

तुझी होता होता राहिलेली,
उल्का