साहेबांना जनावराचं इंजेक्शन

आर्णी,
१७ जानेवारी २०१९

ती. सौ. अनघाताईस,

धाकट्या मधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. खरोखर घातला तर उठवायला माणूस बोलवावा लागेल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर? पियूषला नोकरीत कायम केलं का? तिन्हींचं उत्तर 'ठीक' असेल असं धरून पुढे लिहितो, कारण आपल्या घरात तब्येतीच्या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यायची पद्धतच नाही. मीसुद्धा दोन वर्षं तेच देत होतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू रडतेस, मी गप्प बसतो आणि मग दोघंही म्हणतो की रेंज गेली. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय दमलो तर पेन खाली ठेवता येतं आणि ते कुणाला कळत नाही. (आत्ता एकदा ठेवलं होतं. मधे जेवण झालं.)

आमच्या कृषी कार्यालयात सगळ्यांचं ठाम मत आहे की माझं दुखणं बोंडअळीतून आलं. गुलाबी अळीच्या हंगामात आम्हाला पंचनाम्याला पिटाळलं होतं. बोंड फोडायचं, आत अळी बघायची, नुकसान लिहायचं आणि ज्याचं शेत त्याच्या तोंडाकडे न बघता धुरा ओलांडून पुढच्या शेतात जायचं. त्यानं माणूस खचतो हे खरं, पण माझं दुखणं त्याआधीच येऊन बसलं होतं. अळीनं त्याला फक्त सोबत दिली. उगाच एका किड्यावर सगळं ढकलणं बरं नाही, त्याच्यावर आधीच पुष्कळ आरोप आहेत. दुखणं म्हणजे रडू नव्हे, ताई. रडायलासुद्धा थोडा उत्साह लागतो. सकाळी पाय खाटेखाली सोडायचे आणि पुढे काय करायचं असतं ते आठवत बसायचं, हे दुखणं. गेल्या वर्षी आमच्या सौ. मंजुषानं फवारणीच्या औषधांचे नमुने घरातून उचलून ऑफिसात परत नेऊन दिले आणि कपाटाच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तुलाही एवढंच लिहितो.

औषधं पुष्कळ झाली. पहिल्या गोळीनं तोंडाला कोरड पडली, दुसरीनं पँटी घट्ट झाल्या, तिसरीनं मी जिल्ह्याच्या आढावा बैठकीत झोपलो (कुणी काही बोललं नाही, झोपणारा मी एकटा नव्हतो), आणि चौथीनं काहीच केलं नाही, तिचे आभार. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुमचं डिप्रेशन औषधांना दाद देत नाही. हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. बीटी कपाशीला दाद न देणाऱ्या अळीवर मी स्वतः गावोगाव भाषणं दिली आहेत, आणि लोक किती कंटाळत असतील ते त्या दिवशी समजलं. मग त्यांनी केटामाईनचं नाव काढलं. मूळचं भुलीचं औषध. अगदी थोड्या मात्रेत, सलाइनमधून सावकाश, भूलतज्ज्ञाला शेजारी बसवून देतात. काहींना लवकर उतार पडतो, काहींना पडत नाही, आणि पडला तरी तो टिकेलच असं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. इतकं खरं बोलणारा माणूस मला नोकरीत कधी भेटला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

आता देवीलालची ओळख करून देतो. आमच्या कार्यालयाला लागून जनावरांचा दवाखाना आहे, तिथला हा पर्यवेक्षक. राहतो जवळच्या बंजारा तांड्यावर, घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि वरिष्ठांपुढे मौन. माझा एकुलता एक मित्र. त्याला औषधाचं नाव सांगितलं तर तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "मधूभाऊ, हे तं आमी कुत्र्याले देतो."

"कायले?"

"आपरेशनच्या आंदी. तो बिबट्या नाही का पडलता इहिरीत, त्यालेबी हेच देल्लं." मग माझा चेहरा बघून धीर द्यायला म्हणाला, "पन बिबट्या चांगला झाला न भाऊ. पयाला."

हे संभाषण आमच्या दोघांतलंच. पण चहाची टपरी भिंतीला लागून आहे, त्यामुळे चार वाजेपर्यंत अख्ख्या आर्णीला माहीत झालं की साहेबांना जनावराचं इंजेक्शन देणार. आमचे घरमालक मारोतराव (निवृत्त हेडमास्तर, एरवी थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात) विचारपूस करायला आले ते फाटकाबाहेरच थांबले. मंजुषाला म्हणाले, "वहिनी, अंगावर-बिंगावर तं येत नाही न?" ती म्हणाली, "दोन वर्षं झाले, ते खाटेवरून उतरून नाही राह्यले, अंगावर कुठून येतीन?" मारोतरावांनी आणलेले पेरू फाटकावर ठेवले आणि गेले. रात्री मी तिला म्हटलं, राहू दे का? तर म्हणाली, "कुत्र्याचं असो का बिबट्याचं. मले माहा नवरा वापस पाहिजे." आणि दूध विरजायला गेली.

ठरल्या दिवशी देवीलालनं मेव्हण्याची ओमनी आणली. मी उपाशी (औषधाची अट), मंजुषा उपाशी (कारण मी उपाशी), देवीलाल पोटभर जेवलेला. यवतमाळच्या दवाखान्यात रक्तदाब, ईसीजी सगळं झालं, सिस्टर नंदाबाईंनी सुई लावली आणि थोड्या वेळानं वरचा पंखा लांब जायला लागला. आधी आर्णीपर्यंत, मग त्याच्याही पलीकडे. माझा डावा हात दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि तो विनंती अर्ज केल्याशिवाय परत मिळणार नाही, अशी माझी खात्री झाली. भीती वाटली, पण ती भीतीसुद्धा शेजारच्या घरात भांडण चालू असावं तशी. फार दिवसांनी मी माझ्यापासून थोडा दूर बसलो होतो, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. देवीलाल सांगतो की मी मधेच डॉक्टरीणबाईंना अळीच्या पतंगांसाठी कामगंध सापळे कसे लावायचे ते समजावलं आणि वेचणी झालेल्या कपाशीवर पुन्हा फरदड घेऊ नका अशी ताकीद दिली. त्या "बरं" म्हणाल्या. एवढ्या वर्षांत माझा सल्ला मानणाऱ्या त्या पहिल्याच.

मंजुषाला मात्र बाहेरच्या बाकावर गाढ झोप लागली. नंदाबाई बाहेर आल्या तर सोबतची बाई घोरतेय, हाका मारल्या तरी उठेना. घाबरून त्यांनी तिचाच रक्तदाब घेतला. तो माझ्यापेक्षा जास्त निघाला.

परत येताना घाटात मला ओकारी झाली, ती देवीलालच्या नव्या जोड्यांवर. जोडे साळ्याच्या लग्नासाठी घेतलेले. तो गाडी थांबवून उतरला, जोडे झटकले आणि म्हणाला, "होते भाऊ. कुत्रेबी करतेत."

तर झाला का चमत्कार? नाही. घरी येऊन झोपलो, दुसऱ्या दिवशी तसाच. दुसऱ्या खेपेनंतरही काही नाही. आणखी एकदा जाऊन आलो, आणि त्यानंतरच्या सकाळी मंजुषानं चहा दिला, मी घोट घेतला आणि म्हटलं, "फिका आहे." तिनं कप घेतला, आत गेली, आणि मग आतून आवाज यायला लागला. मला वाटलं चिडली. जाऊन बघतो तर साखरेचा डबा पोटाशी धरून ओट्याला टेकून रडतेय. म्हणाली, "दोन वर्षांत तुमी कशालेच नाव नाही ठेवलं जी. खारट देल्लं तरी खाल्लं, शिळं देल्लं तरी खाल्लं." त्या दिवशी मी भाजीलाही नाव ठेवलं, पंख्याच्या आवाजालाही ठेवलं, दुपारी मारोतरावांच्या नळजोडणीलाही ठेवलं, आणि ती मागे मागे हिंडत ऐकत होती. संध्याकाळपर्यंत तिनं मला गप्प बसायला सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असा चांगला दिवस आठवत नाही.

तो उजेड आठवडाभर टिकला, मग हळूहळू ओसरला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं. गोळ्या चालू ठेवायच्या, अधूनमधून यायचं, बघत राहायचं. त्यांच्या नजरेखालीच घ्यायचं, घरी चुकूनसुद्धा नाही. (देवीलालनं घरपोच सोय सुचवली होती. त्याला त्यांनी फोनवर असं सुनावलं की आता तो दवाखान्यात येतो तेव्हा टोपी काढतो.) आज जरा जड दिवस आहे. पण पूर्वी जड दिवस हाच कायमचा आहे असं वाटायचं, आता त्याच्या पलीकडचं एकदा बघून आलोय. पाय खाली सोडून बसलो की तेवढं आठवतं. उठायला पुरतं, नेहमी नाही.

भाऊजींना नमस्कार, पियूषला आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे आपल्या घरातला 'ठीक' नव्हे, त्याच्या थोडा अलीकडचा.

तुझा,
मधू

ता. क. तू पाठवलेलं सुगंधी तेल मिळालं. मंजुषानं ते दरवाजाच्या बिजागरीला घातलं. दरवाजा आता अत्यंत प्रसन्न उघडतो. आणखी पाठवू नकोस.

ता. क. २. पत्र खरं यासाठी लिहिलं. पुढच्या खेपेला दवाखान्यात देवीलाल माझ्यासोबत राहील, त्याची आई भुरीबाई डबा देणार आहे, सगळं ठरलंय. तू फक्त ये आणि मंजुषाला तुझ्याकडे पुण्याला घेऊन जा. महिनाभर तिला कुणाला चहा द्यायला लावू नकोस, झोपू दे, आणि तिचा रक्तदाब एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखव. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती नाही म्हणेल, माझी शपथ घालेल, किल्ल्या घट्ट धरून बसेल. तू किल्ल्या देवीलालकडे दे आणि तिला गाडीत बसव.