ओला, सुका आणि महाजनांची पिशवी

मी, चंद्रकांत यशवंत देवरे, वय वर्षे एकाहत्तर, मराठी शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक, राहणार पर्वत पाटिया, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल सोसायटीत दुमत असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणीही भरीला घातलेले नाही, पत्नी सुधाने तर दोनदा "कशाला आता?" असे विचारले.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव सुधाला मिळावी. तिच्यानंतर हे दोन्ही आमचा मुलगा पराग याला.

२. गॅलरीतील हिरवी, निळी व काळी बादली आणि खताचा ड्रम सून तेजस्विनी हिला द्यावा. परागला देत नाही. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून मगच सुक्यात टाकावी, हे मी त्याला वर्षानुवर्षे सांगतो आहे. तो आज कंपनीत मॅनेजर आहे आणि अजून पिशवी दुधासकट टाकतो. तेजस्विनीने लग्नानंतर चौथ्या दिवशी न सांगता धुतली.

३. माझ्या अंगावरच्या हारांतील फुले ओल्यात टाकावीत, दोरा काढून सुक्यात. प्लॅस्टिकच्या वेष्टनातला हार कोणी आणल्यास दारातूनच परत पाठवावा, मग तो व्याही का असेना.

४. माझा लोखंडी चिमटा कोणालाही देऊ नये, भंगारात घालावा. त्याचे कारण लिहितो.

२०२२ साली कचरागाडीवाल्याने आमचा मिसळलेला कचरा घ्यायला नकार दिला. "काका, सूको अलग करो, पछी लई जईश," म्हणजे सुका वेगळा केल्यावरच नेईन, असे बजावून गेला. तेव्हापासून मी रोज सकाळी जिन्याखाली उभा राहून चिमट्याने प्रत्येकाची पिशवी तपासू लागलो. दोषींची नावे सोसायटीच्या फळ्यावर लिहू लागलो. समोरचे किसन महाजन सलग अकरा दिवस फळ्यावर होते. बाराव्या दिवशी भक्कम पुरावा हवा म्हणून मी त्यांची पिशवी पुरती उपसली. शिळ्या भाताखाली औषधांची रिकामी पाकिटे निघाली, आणि केसांचा मोठा पुंजका. पाकिटांवरची नावे मी वाचली. सुधाच्या बहिणीच्या कॅन्सरच्या वेळी हीच औषधे आणली होती. किसनरावांच्या पत्नी शांताबाई दोन महिने जिन्यात दिसल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या घराने आजाराबद्दल कोणाला काही सांगितले नव्हते.

मी फळा पुसला. सगळाच.

दुसऱ्या दिवसापासून महाजनांची पिशवी मीच गुपचूप वेगळी करू लागलो. आठवड्याने किसनरावांनी मला जिन्यात गाठले.

"सर, आमना कचरा कोन येगळा करस?"

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मांजर बाटल्या धुईसन ठेवस का?"

त्यानंतर पिशवी रोज आमच्याच दाराशी येऊ लागली. असे चौदा महिने चालले.

मग एका सकाळी शांताबाई स्वतः बादली घेऊन खाली उतरल्या. डोक्याला रुमाल, कडेने बोटभर नवे केस. बादलीत बटाट्याची साले, वेफरचे पाकीट आणि घड्याळाचा सेल, सगळे एकत्र. मी पाहिले आणि आठवीच्या वर्गात बोलावे तसा बोललो. त्या म्हणाल्या, "मी तुमच्या शाळेत नाव घातलं नाही, सर." आमचे भांडण गाडी निघून जाईपर्यंत चालले. दोघांचाही कचरा राहिला.

वर आलो तेव्हा सुधाने विचारले, "डोळ्यांना काय झालं?"

"महाजनबाई भांडल्या," मी म्हणालो. "चांगल्या अर्धा तास भांडल्या."

सुधाने त्या दिवशी शिरा केला आणि वाटी भरून समोर पाठवली.

५. हा मजकूर शांताबाईंच्या परवानगीने लिहिला आहे. त्यांना मी काहीच देत नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून त्या चालतात, असे वकिलांचे मत आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

चंद्रकांत यशवंत देवरे
सुरत, दि. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. भिकन रामा सोनवणे, सेक्रेटरी
२. शांताबाई किसन महाजन (मजकूर वाचला. खरा आहे. फक्त सेल आमचा नव्हता.)