डावीकडचा उजेड

स्कारव्होय, २८ एप्रिल

प्रिय रग्ना,

तू बरी असशील अशी आशा आहे. बर्गनच्या त्या फ्लॅटमधून समुद्र दिसत नाही म्हणे. तुझा जीव घुसमटत असेल. इकडे मी ठीक. तुझ्या काळ्या मेंढीला जुळं झालं, दोन्ही कोकरं धडधाकट आहेत. होडीच्या शेडचं छप्पर नीट केलं. दुकानातली आस्लाउग रोज तुझी चौकशी करते आणि मला मात्र सुनावते, "आता तरी त्या गोगलगायींचा नाद सोड रे बाबा."

हे पत्र मी चारदा लिहिलं आणि चारदा शेगडीत घातलं. दर वेळी कोकरांपाशीच अडलो. तोरगेर गेला त्या दिवशीचा माझा कॅमेरा पोलिसांनी परत दिला आहे.

आम्ही बुडी कशी मारायचो ते तुला ठाऊकच आहे. शेडमागच्या खडकांवरून चालत पाण्यात शिरायचं आणि कड्याशी सतरा मीटर खोल जायचं. बोटाच्या पेराएवढी, बिनशंखाची गोगलगाय शोधायची तुझ्या नवऱ्याने, फोटो काढायचा तुझ्या भावाने. माझा डावा फ्लॅश दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्या बाजूने तोच टॉर्च धरायचा. तू त्याच्या पन्नाशीला दिलेला, पिवळट उजेडाचा. मधूनच खडकावर उजेडाचा गोल काढायचा, म्हणजे मी ठीक आहे. मीही माझ्या टॉर्चने उत्तरादाखल गोल काढायचो. वर आल्यावर तुझे वॉफल खाताना चिडवायचा, "एविंद, तुझ्या शेजारून देवमासा गेला ना, तरी तुला पत्ता लागायचा नाही!"

पोलिसांना मी सांगितलं की गाळ उठला आणि आमची चुकामूक झाली. ते खोटं आहे, रग्ना. फेब्रुवारीतलं पाणी स्वच्छ होतं, गाळ नव्हताच. एक पांढरी गोगलगाय सापडली होती, शिंगांची टोकं जांभळी. तसली इथे मी कधी पाहिली नव्हती. मी अठरा मिनिटं मान वळवली नाही. मला स्वतःची किळस येते.

आता पुढचं वाच. मला वेड लागलंय असं वाटलं तर वाटू दे.

तोरगेरच्या मनगटावरच्या, वेळ आणि खोली टिपणाऱ्या यंत्रात नोंद आहे. अकरा एकवीसला तो खाली जाऊ लागला, अकरा तेवीसला एकतीस मीटरवर तळाला टेकला आणि तिथून हलला नाही. हृदय बंद पडलं, त्याला कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. माझे फोटो अकरा एकोणचाळीसपर्यंतचे आहेत. कॅमेऱ्याचं आणि त्या यंत्राचं, दोन्ही घड्याळं आम्ही त्या सकाळी तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्या डोळ्यांदेखत एकत्र लावली होती.

सगळ्या फोटोंत डावीकडून पिवळट उजेड आहे. शेवटच्या फोटोतसुद्धा.

डावा फ्लॅश तपासला, तो मेलेलाच आहे. आणखी एक. या गोगलगायीला डोळे असून नसल्यासारखे. ती वासावर चालते, शिंगं म्हणजेच तिचं नाक. अकरा एकवीसपर्यंत शिंगं सरळ आहेत. त्यानंतर प्रत्येक फोटोत ती डावीकडे वळलेली आहेत. पाण्याला त्या दिवशी ओढ नव्हती.

शेवटचा फोटो काढला आणि खडकावर गोल उमटला, नेहमीसारखाच, सावकाश. मीही गोल काढला. मग वळून पाहिलं तर शेजारी कोणी नव्हतं. टॉर्च त्याच्या मनगटाला बांधलेला, तळाशी, बंद सापडला. तो तुझ्याकडेच आहे.

दफनाच्या दिवशी तू एवढंच विचारलंस, "तो एकटा होता का रे?"

मी म्हणालो, "नाही, मी होतो ना."

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं. उद्या मी पोलिसांना गाळाचं खरं काय ते सांगून येईन. उजेडाचं त्यांना सांगणार नाही, ते तुझं आहे. शेवटचा फोटो सोबत ठेवलाय. माफी मागायला तोंड नाही, पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो.

तो एकटाच होता, रग्ना. मी एकटा नव्हतो.

तुझा धाकटा भाऊ,
एविंद