आमच्या हॉल्टवर कुणी चढत नाही

सोम. ७ जाने.
१. हॉल्टवर नोटीस लागली. प्रवासी कमी, म्हणून पॅसेंजरचा इथला थांबा बंद करण्याचा प्रस्ताव.
२. पासाचे दरही वाढणार.
३. आईला सांगितलं नाही.
गाडी बंद झाली तर एस.टी.ने स्वारगेट, तिथून कंपनी. घरी येईपर्यंत आईच्या डोळ्यांच्या थेंबांची वेळ उलटलेली. काचबिंदू. डावा डोळा गेला, उजवा थेंबांवर आहे. स्वतः घालायला गेली की हात थरथरतो.

बुध. ९
बायकांच्या डब्यात दुसरा विषय नाही. शमीमताई पुण्यात शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करते, रोज माझ्याबरोबर चढते. म्हणाली, "प्रवासी कमी म्हणे. मग रोज माझ्या पायावर कोण उभं राहतं?"
हे 'कमी' आलं कुठून, ते बघायचं.

शुक्र. ११
तिकीट विकणाऱ्या भाऊकाकांना विचारलं, खिडकीवर विक्री किती.
"कोन घेतंय? समदे पासवाले हायत."
"मग पास?"
"त्ये तुमी पुन्याला काढता की. हितं थंडीत खिडकी उघडून बसू कुनासाठी?"
बरोबर. पुण्यात उतरलो की तिथेच पास काढायचा, ही सगळ्यांची सवय. विक्री पुण्याच्या नावावर. आमच्या हॉल्टवर जवळपास शून्य. आकडे खोटे नाहीत.

मंगळ. १५
थांबा ठेवा म्हणून रेल्वेच्या ऑफिसात अर्ज दिला. सोबत सगळ्यांच्या पासांच्या झेरॉक्स. साहेबांनी न वाचता शिक्का मारला.
"आपण आयटीत ना? मग पुण्यातच घर घ्या की."
"पोच द्या," म्हटलं.

शनि. १९
धायरीला, दादाकडे. वहिनीने पोहे केले. नोटिशीचं सांगितलं.
"तू आहेस ना तिच्याजवळ," दादा म्हणाला. "मला तर ती कधी काही बोलली नाही."
खरं आहे. आई मागत नाही. मीही कधी मागितलं नाही. त्याच्या हिशेबी आमच्या घरी गरज शून्य. पोहे संपवून निघाले.

सोम. २१
अर्ज 'विचाराधीन'. कर्वेनगरला हॉस्टेलमध्ये माझ्यापुरती एक कॉट बघितली. अजून हो म्हटलेलं नाही.
सकाळी आई मान मागे टाकून बसली होती. "गाडी बंद होतीये म्हणे."
"कोण म्हणालं?"
"शमीम. आण इकडे बाटली. शिकते मी."
पहिला थेंब गालावर. दुसरा कानाजवळ. तिसरा मी घातला.
गाडीत बसल्यावर दादाला मेसेज केला. जसाच्या तसा:
दादा, गाडी बंद झाली तर आई तुझ्याकडे राहील का? थेंब सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवून चालत नाही. याआधी विचारलं नव्हतं, आता विचारते. हो किंवा नाही, रविवारपर्यंत कळव.